बॅटरीच्या गाडीचा कस

विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील असंख्य कुटुंबे गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. जुने सोने वितळवून त्यातील हीण काढणे आणि सोने शुद्ध करणे हे गलाईचे काम. या व्यवसायाचा पहिला धडा असा, की शुद्धतेबाबत विकणाऱ्याचा शब्द प्रमाण मानायचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. सोने कसाला लावायचे. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ ज्ञात शुद्धतेच्या रेघेशी ताडून पाहिली, की बराचसा वाद मिटतो. मात्र दगड दोघांनाही मान्य असावा लागतो आणि शेजारची रेघ खरी असावी लागते.

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा इतिहास पाहताना हाच मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. 'एकदा चार्ज केली की शंभर किलोमीटर' असे विक्रेता सांगतो. हे शंभर किलोमीटर कोणत्या रस्त्यावरचे? किती वेगाने? गाडीवर किती माणसे बसलेली असताना? बॅटरी नवी असताना की दोन वर्षे वापरल्यावर? या प्रश्नांची उत्तरे सर्वांसाठी एकाच पद्धतीने मिळावीत म्हणून सरकारांना चाचण्यांची व्यवस्था उभी करावी लागली. तिची ही कहाणी आहे.

पहिली लाट

विजेची मोटार ही आजची कल्पना नव्हे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची पुन्हा भारित करता येणारी बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने तिच्या पट्ट्या बनवण्याची पद्धत सुधारली आणि तिची धारणशक्ती वाढली. १८९९ मध्ये कामीय जेनात्झी याने विजेच्या मोटारीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथमच ओलांडला. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या!

पुढील वीस वर्षांत हे चित्र पार पालटले. १९०८ पासून फोर्डची स्वस्त मोटार बाजारात आली. १९१२ मध्ये पेट्रोलच्या इंजिनाला विजेचा स्टार्टर मिळाला आणि हँडल फिरवण्याची दगदग संपली. विजेची मोटार मागे पडण्याचे मूळ कारण मात्र बॅटरीतच होते. ते समजण्यासाठी थोडे गणित करू.

शिसे-आम्ल बॅटरीच्या एक किलोग्रॅम वजनात सुमारे ३० वॉट-तास ऊर्जा मावते. ३०० किलोग्रॅमची बॅटरी घेतली तर ९,००० वॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ९ युनिट. विजेच्या मोटारीत यातील साधारण ७० टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असे धरले, तर ६.३ युनिट हाती लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते असे धरले, तरी १.८ युनिट मिळतात. म्हणजे ३०० किलो शिसे वाहून नेऊन जे काम होते, ते साडेतीन लिटर पेट्रोलमध्ये होते.

छापील आकडा आणि हाती येणारा आकडा

यात आणखी एक मेख आहे. बॅटरीवर '१०० अँपिअर-तास' असे छापलेले असते. पाण्याच्या टाकीतून तोटी बारीक सोडा किंवा मोठी, एकूण पाणी तेवढेच मिळते. बॅटरीचे तसे नाही. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिले, की शिसे-आम्ल बॅटरीतून जितका मोठा प्रवाह घ्यावा, तितका एकूण साठा कमी भरतो.

समजा, एक बॅटरी ५ अँपिअर प्रवाह २० तास देते. म्हणून ती १०० अँपिअर-तासांची. तिच्यातून ५० अँपिअर घेतले तर ती २ तास चालावी. प्यूकर्टच्या नियमातील घातांक १.२ धरला, तर ती प्रत्यक्षात सव्वा तासच चालते. म्हणजे हाती येतात अवघे ६३ अँपिअर-तास. कारण असे, की प्रवाह मोठा असेल तर पट्ट्यांच्या आतल्या भागापर्यंत आम्ल वेळेवर पोचत नाही आणि आतील पदार्थ वापराविना राहतो.

म्हणून एकच मोटार सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या संथ, एकसारख्या वेगाने चालवली तर लांबचा पल्ला गाठते, आणि शहरात थांबत-थांबत, वारंवार वेग घेत चालवली तर लवकर दमते. वेग घेताना प्रवाह मोठा लागतो. विक्रेत्याने पहिला आकडा छापला तर तो खोटे बोलतो असे म्हणता येत नाही. ग्राहकाला अनुभव मात्र दुसऱ्या आकड्याचा येतो. अशा वेळी दोघांना मान्य होईल असा कसोटीचा दगड लागतो.

१९७६ चा कायदा

१९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेसारख्या देशातही पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि विसरलेली विजेची मोटार पुन्हा आठवली. सप्टेंबर १९७६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने विजेच्या आणि संकरित वाहनांचे संशोधन, विकास व प्रात्यक्षिक यासाठी कायदा केला. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो दोन तृतीयांश मतांनी ओलांडला. सरकारने अशी हजारो वाहने विकत घेऊन वापरून दाखवावीत, अशी या कायद्याची अपेक्षा होती.

परंतु विकत काय घ्यायचे? बाजारात होत्या त्या छोट्या कारखान्यांच्या गाड्या. कुणी टपालाच्या जीपमध्ये बॅटरी बसवली होती, कुणी युरोपातील छोट्या मोटारीचे इंजिन काढून तेथे विद्युतमोटर लावली होती. प्रत्येकाचे दावे वेगळे आणि मोजण्याच्या रीतीही वेगळ्या. म्हणून कायद्यानेच आधी सद्यःस्थितीची पाहणी करण्यास सांगितले. प्रत्यक्ष मोजमापाचे मोठे काम क्लीव्हलंड येथील लुईस संशोधन केंद्राकडे आले. हे केंद्र नासाचे, म्हणजे अवकाश संस्थेचे! विमानांची इंजिने आणि अवकाशयानांची वीजयंत्रणा यांचा तेथे अनुभव होता, आणि महत्त्वाचे म्हणजे मोटार विकण्यात त्या केंद्राला काडीचाही रस नव्हता. १९७८ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

चाचण्या कशा घेतल्या हे शिक्षकांनी जरूर पाहावे, कारण त्यात शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे. गाडी स्थिर वेगाने बॅटरी संपेपर्यंत धावपट्टीवर फिरवायची. मग ठरलेल्या 'चालचक्रा'वर फिरवायची. हे चालचक्र अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संघटनेने ठरवलेले होते. त्याच्या 'सी' प्रकारात ८० सेकंदांत वेग घेणे, ताशी ४८ किलोमीटरने २० सेकंद धावणे, मग वेग सोडून ब्रेक लावणे आणि २५ सेकंद उभे राहणे असा क्रम असे. संथ वाहनांसाठी ताशी ३२ किलोमीटरचे आणि वेगवान वाहनांसाठी ताशी ७२ किलोमीटरचे चक्र वेगळे. याखेरीज वेग घेण्याची क्षमता, चढ चढण्याची क्षमता, ब्रेक आणि चार्जरची कार्यक्षमता हेही मोजले गेले.

यातील एक चाचणी फारच साधी आणि सुंदर आहे. गाडीला वेग देऊन ती नुसती घरंगळू द्यायची आणि वेग कसा कमी होतो याची सेकंदागणिक नोंद ठेवायची. गाडीचे वस्तुमान माहीत असले, की न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने हवेचा आणि टायरचा एकूण विरोध कळतो. कोणतेही महागडे उपकरण न लावता गाडीच्या अंगभूत दोषांचा हिशेब हाती येतो.

या चाचण्यांनी विजेची मोटार यशस्वी केली नाही. १९८० च्या दशकात तेल स्वस्त झाले आणि कार्यक्रमाची धार बोथट झाली. परंतु एक गोष्ट कायमची झाली. कोणत्या परिस्थितीत मोजला हे सांगितल्याशिवाय पल्ल्याचा आकडा निरर्थक आहे, हे लेखी सिद्ध झाले.

बॅटरीचे वय

गाडीचा पल्ला एका दिवसात मोजता येतो, बॅटरीचे आयुष्य नाही. त्यासाठी शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बॅटऱ्यांची वेगळी चाचणीशाळा त्याच काळात उभारली गेली. तेथे बॅटरी ठरावीक प्रमाणात रिकामी करायची, पुन्हा भरायची, असे फेरे महिनोन्‌महिने चालत. साठा मूळच्या ८० टक्क्यांवर उतरला, की वाहनासाठी ती बॅटरी संपली असे धरायचे. हा ८० टक्क्यांचा संकेत आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. गाडीची खरी किंमत या फेऱ्यांच्या संख्येवर ठरते. तीनशे फेऱ्यांची बॅटरी निम्म्या किमतीत मिळाली, तरी हजार फेऱ्यांच्या बॅटरीपुढे ती महागच पडते.

पुण्याची टेकडी

आता आपल्याकडे वळू. पुण्यात कोथरूडजवळच्या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्यातून ती स्थापन झाली. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे आणि पुण्यातच केंद्रीय मार्ग परिवहन संस्थाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना तपासून मंजुरी देण्याचा अधिकार ज्या संस्थांना मिळाला, त्यांत या तिन्ही आहेत. म्हणजे देशातील वाहनांचा कस लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रातच होत आले आहे.

पुण्याच्या संस्थेचे एक मोलाचे काम म्हणजे भारतीय चालचक्र. आपल्या शहरांतील गर्दीत वाहने प्रत्यक्षात कशी चालतात याच्या नोंदींवरून ते बांधले गेले. एक चक्र १०८ सेकंदांचे, त्यात अंतर ०.६५८ किलोमीटर, सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा: सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर येतो. १९९१ पासून देशात पेट्रोल वाहनांच्या धुरावर मर्यादा आली, तेव्हा ती या चक्रावर मोजली जाऊ लागली.

विजेच्या वाहनांचे प्रयोग आपल्याकडेही तोवर सुरू झालेले होते. १९८० च्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने बॅटरीवरील प्रवासी गाड्या बनवल्या. १९९३ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'लव्हबर्ड' ही दोन आसनी मोटार दिसली. २००१ मध्ये बंगळूरची 'रेवा' बाजारात आली. या साऱ्यांची भिस्त शिसे-आम्ल बॅटरीवरच होती. पुढे अशा वाहनांसाठी स्वतंत्र मानके तयार झाली. एक वाहनाच्या विद्युत सुरक्षेचे, एक वीजवापराचे, एक पल्ल्याचे, एक मोटरच्या शक्तीचे.

पल्ला मोजताना स्कूटर रुळांच्या यंत्रावर चढवतात आणि चालचक्र पुन्हा पुन्हा चालवतात. ठरलेला वेग गाठणे गाडीला अशक्य झाले, की चाचणी संपली. वीजवापर मात्र भिंतीवरच्या प्लगपाशी मोजतात, कारण चार्जरमध्ये वाया जाणारी वीजही ग्राहकाच्याच बिलात येते. जाहिरातीत 'आय.डी.सी. पल्ला' असे लिहिलेले आपण वाचतो, तो हाच.

या आकड्याला सरकारी पैशाचेही वजन आले. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि मार्च २०२४ मध्ये संपलेल्या 'फेम-२' योजनेत अनुदानासाठी विजेच्या दुचाकीचा पल्ला किमान ८० किलोमीटर, सर्वाधिक वेग किमान ताशी ४० किलोमीटर आणि वीजवापर १०० किलोमीटरला जास्तीत जास्त ७ युनिट, अशा अटी होत्या. अनुदान बॅटरीच्या साठ्यानुसार, दर किलोवॉट-तासाला ठरावीक रुपये, असे मिळे. चाचणीत चूक झाली तर चुकीच्या हाती सार्वजनिक पैसा जाणार हे उघड आहे.

कसोटीतून निसटलेली वाहने

चाचणीचा नियम जेथे संपतो, तेथेच अनेकदा अडचण सुरू होते. आपल्या नियमांनुसार, मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि इतर काही अटी पूर्ण होत असल्याचे चाचणी संस्थेने प्रमाणित केले, तर बॅटरीवरील दुचाकी 'मोटार वाहन' मानली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. शाळा-महाविद्यालयात येणाऱ्या मुलांच्या हाती अशाच गाड्या असतात. वेगाची मर्यादा नंतर काढून टाकली, तर प्रमाणपत्र दिलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्याच वस्तू होतात.

ई-रिक्षांचे उदाहरणही बोलके आहे. दिल्लीत हजारो ई-रिक्षा कोणत्याही मंजुरीविना रस्त्यावर आल्या. ३१ जुलै २०१४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली आणि त्यानंतर नियम व कायद्यातील दुरुस्ती झाली. आधी वाहन, मग चाचणी असा तो उलटा प्रवास होता. इंग्लंडमध्ये आपली 'रेवा' वेगळ्या नावाने विकली जात असे. हलक्या वाहनांच्या गटात मोडत असल्याने तिला मोटारींची धडक-चाचणी लागू नव्हती. २००७ मध्ये तेथील परिवहन खात्याने स्वतः तिची धडक-चाचणी करवून घेतली, आणि सुरक्षेविषयी गंभीर चिंता व्यक्त केली.

सर्वांत कठोर धडा २०२२ चा. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या; काही घटनांत माणसे दगावली. आता बॅटऱ्या लिथियमच्या होत्या. त्यांत ऊर्जा कितीतरी अधिक दाटीने साठलेली असते. एक घट आतून बिघडून तापला, तर ती उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि आगीची साखळी तयार होते. २००९ च्या मानकात बॅटरीला शॉर्ट सर्किट, अतिचार्जिंग, कंपने, खिळा घुसवणे अशा चाचण्या होत्या; परंतु या साखळीकडे पुरेसे लक्ष नव्हते. केंद्र सरकारने तज्ज्ञांकडून चौकशी करवली, मानके कडक केली आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू केली. आग एका घटातून बॅटरीभर पसरते का, हे तपासणे आता बंधनकारक आहे. शिवाय मंजुरी मिळालेला नमुना आणि कारखान्यातून बाहेर पडणारी हजारावी बॅटरी सारखीच आहे का, या प्रश्नालाही महत्त्व आले.

चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. जो प्रश्न मानकात लिहिलेला नाही, त्याचे उत्तर प्रमाणपत्रात शोधू नये. मानके बहुधा अपघातानंतर सुधारतात हे खरे असले, तरी ती अपघाताआधी सुधारावीत यासाठीच तर संशोधन असते.

वर्गात काय करता येईल?

आय.डी.सी. पल्ला म्हणजे भविष्यवाणी नव्हे, तो तुलनेचा गज आहे. दोन स्कूटर त्याच गजाने मोजल्या तर कोणती सरस हे कळते. आपल्या रस्त्यावर किती धावेल हे कळत नाही. प्रयोगशाळेत एकाच चालकाचे वजन धरलेले असते आणि चढ नसतो. आपल्याकडे विट्याहून खानापूरकडे निघाले, की रेणावीचा घाट लागतो. समजा, स्कूटर आणि दोन माणसे मिळून २५० किलोग्रॅम वजन २०० मीटर उंच चढवायचे आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा. ४,९०,००० ज्यूल, म्हणजे ०.१३६ युनिट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ०.१७ युनिट. सपाटीवर ही स्कूटर १०० किलोमीटरला ३ युनिट घेत असेल, तर एवढ्या चढाने पल्ल्यातील सुमारे पावणेसहा किलोमीटर खाल्ले!

नासाने केलेली घरंगळण्याची चाचणी तर शाळेच्या मैदानावर सायकलने होते. वारा नसताना, सपाट जागी, सायकलला वेग देऊन पाय थांबवावेत. समजा, वेग सेकंदाला ५ मीटरवरून ४ मीटरवर यायला ६ सेकंद लागले आणि सायकलसह मुलाचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम आहे. मंदन १/६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणून विरोधी बल १२.५ न्यूटन, आणि त्या वेगाला सायकल चालती ठेवण्यास लागणारी शक्ती सुमारे ५६ वॉट. मग टायरमधील हवा कमी करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढावी, म्हणजे मैदानाच्या बारीक उताराचा परिणाम निघून जाईल. वेगवेगळ्या गटांचे आकडे वेगवेगळे येतील. ते का आले, याची चर्चा वर्गात व्हावी. आपल्या आकड्याबरोबर तो कोणत्या अटींवर मोजला हेही लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर उद्या स्कूटरची जाहिरात वाचताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.